डिशपासून स्रोतापर्यंत: भौतिकशास्त्राचा कणत्वरक जैववैद्यकीय संशोधनासाठी कसा जुळवावा

भौतिकशास्त्रासाठी बांधलेला कणत्वरक (प्रभारित कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र) जैववैद्यकीय संशोधनासाठी वापरायचा ठरला, की चर्चा साधारणपणे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन काढलेले अणू, तयार करणाऱ्या स्रोतापासून सुरू होते आणि पेशी ठेवायच्या डिशचा विषय सर्वांत शेवटी निघतो. या लेखात तो क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. पेशींच्या थराला किती आयन हवेत, किती वेळात हवेत, किती एकसारखे पसरलेले हवेत आणि ऊतीत किती खोलवर जायला हवेत, हे आधी ठरले तर चुंबक, वीजपुरवठा, शलाका (आयनांचा झोत) बाहेर काढण्याची पद्धत आणि भिंतींची जाडी याविषयीचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघतात.

उदाहरण म्हणून जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील लेइर हे कमी ऊर्जेचे आयन वलय घेतले आहे, कारण ते स्वतःच एका रूपांतरातून तयार झालेले आहे. १९८२ ते १९९६ या काळात ते लीअर या नावाने प्रतिप्रोटॉन (प्रोटॉनचे उलट प्रभाराचे प्रतिकण) साठवण्याचे व संथ करण्याचे काम करत होते, आणि १९९५ मध्ये प्रतिहायड्रोजनचे पहिले अणू तिथेच तयार झाले. पुढे लार्ज हॅड्रॉन कोलायडरला शिशाचे आयन पुरवण्यासाठी त्याची फेररचना झाली. वलयाचा परीघ सुमारे ७८.५ मीटर आहे. त्यात ९० अंशांनी वळवणारे चार चुंबक आणि त्यांच्यामध्ये चार सरळ भाग आहेत. लिनॅक-३ या रेषीय त्वरकामधून ४.२ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) प्रति न्यूक्लिऑन, म्हणजे केंद्रकातील प्रत्येक प्रोटॉन वा न्यूट्रॉनमागे, इतक्या ऊर्जेने आलेले शिशाचे आयन इथे ७२ एमईव्हीपर्यंत नेले जातात. याच वलयावर जैववैद्यकीय सुविधा उभारता येईल का, याचा ‘बायोलेइर’ नावाचा व्यवहार्यता अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे सुविधा उभी राहिली नाही, तरी असे रूपांतर करताना पडणारे जवळजवळ सर्व प्रश्न त्यात आले आहेत. प्रत्यक्षात उतरलेली उदाहरणेही आहेत. अमेरिकेत ब्रुकहेवनच्या बूस्टर वलयावर २००३ पासून नासाची अवकाश-प्रारण प्रयोगशाळा चालते, आणि जर्मनीत डार्मश्टाट येथील जीएसआयच्या अणुकेंद्र-भौतिकीच्या यंत्रावर १९९७ ते २००८ दरम्यान सुमारे ४४० रुग्णांवर कार्बन आयनांचे उपचार झाले.

पहिली पायरी: पेशीपासून हिशेब मांडणे

सुरुवातीला तीन गोष्टी लिहून काढाव्यात: कोणते आयन हवेत, पेशीतून जाताना ते दर मायक्रोमीटरला किती ऊर्जा सोडणार, आणि एका प्रयोगात किती क्षेत्रफळावर किती मात्रा द्यायची. दर मायक्रोमीटरला सोडलेल्या ऊर्जेला रेषीय ऊर्जा हस्तांतरण किंवा रोजच्या बोलण्यात एलईटी म्हणतात. ग्रे या शोषलेल्या प्रारणाच्या एककात मात्रा काढण्यासाठी एलईटीला (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति मायक्रोमीटर) दर चौरस सेंटिमीटरवरील आयनांच्या संख्येने गुणावे आणि १.६ अब्जांश या स्थिरांकाने पुन्हा गुणावे. पाण्याची घनता एक असल्यामुळे भागाकार करावा लागत नाही.

या सूत्रात दोन टोकांच्या किमती घालून पाहाव्यात. सुमारे २५० एमईव्ही प्रति न्यूक्लिऑन ऊर्जेच्या कार्बन आयनाची एलईटी पाण्यात शिरताना १४ च्या आसपास असते. त्यामुळे एक ग्रे मात्रेसाठी दर चौरस सेंटिमीटरला साधारण साडेचार कोटी आयन लागतात, आणि पाच सेंटिमीटर बाजूच्या चौरसावर हा आकडा एक अब्जाच्या थोडा पुढे जातो. कडेला जाणारी शलाका एकसारखेपणासाठी कापून टाकावी लागते, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या दुपटीची तरतूद ठेवावी. यंत्राच्या एका आवर्तनात (आयन भरणे, वेग देणे आणि बाहेर काढणे) दहा कोटी आयन बाहेर पडत असतील, तर एक ग्रेसाठी वीस-बावीस आवर्तने लागतील. हे कामात बसते. एका आवर्तनात दहा लाखच मिळत असतील, तर बसत नाही.

दुसऱ्या टोकाला ५ एमईव्ही प्रति न्यूक्लिऑन ऊर्जेचा कार्बन आयन येतो. त्याची एलईटी सुमारे २९० असते, त्यामुळे एक ग्रेसाठी दर चौरस सेंटिमीटरला फक्त साडेएकवीस लाख आयन पुरतात. पेशीकेंद्रकाचे क्षेत्रफळ शंभर चौरस मायक्रोमीटर धरले, तर एका केंद्रकातून सरासरी दोनपेक्षा किंचित जास्त आयन जातात. सरासरी इतकी लहान असली की योगायोगाचा नियम जाणवू लागतो: एक ग्रे मात्रा देऊनही शंभरातल्या अकरा-बारा केंद्रकांना एकही आयन लागलेला नसतो. जगण्याचे प्रमाण मोजणाऱ्या जीवशास्त्रज्ञाला हे आधीच सांगितले पाहिजे, नाहीतर न लागलेल्या पेशी प्रतिकारक्षम समजल्या जाण्याचा धोका राहतो.

दुसरी पायरी: चुंबक कुठवर साथ देतात

वलय किती ऊर्जेपर्यंत जाऊ शकते हे त्याच्या चुंबकीय दृढतेवर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र आणि वळणाची त्रिज्या यांच्या गुणाकारावर ठरते. लेइरचे चुंबक ६.७ टेस्ला-मीटरपर्यंत नेता येतात, परंतु शिशासाठी ४.८ पुरेसे असल्यामुळे वीजपुरवठा तेवढ्यापुरताच आहे. दृढतेला ३०० ने आणि आयनाच्या प्रभार-वस्तुमान गुणोत्तराने गुणले की दर न्यूक्लिऑनचा संवेग मिळतो. इलेक्ट्रॉन पूर्णपणे काढलेल्या कार्बनसाठी हे गुणोत्तर निम्मे असते. ४.८ या दृढतेला संवेग ७२० आणि त्यावरून ऊर्जा सुमारे २४६ एमईव्ही प्रति न्यूक्लिऑन येते, तर ६.७ ला संवेग सुमारे १००० आणि ऊर्जा ४४० च्या जवळ येते.

या दोन आकड्यांमधील फरक जीवशास्त्रज्ञाच्या भाषेत सांगितला तर खर्चाचा निर्णय सोपा होतो. २४६ एमईव्हीचा कार्बन पाण्यात सुमारे १२ सेंटिमीटर जातो आणि ४४० चा ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो. पेशींचे थर, त्रिमितीय गोळे आणि उंदरांवरचे प्रयोग यांना पहिला पल्ला भरपूर आहे. मानवी शरीराच्या आकाराच्या प्रतिकृतीत खोल गाठीची नक्कल करायची असेल, तरच दुसरा लागतो. त्यामुळे पहिल्या टप्प्यात जुन्या वीजपुरवठ्यावर काम सुरू करून नवा वीजपुरवठा दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवणे मला शहाणपणाचे वाटते. ऑक्सिजनचा पल्ला त्याच ऊर्जेला कार्बनच्या पाऊणपट भरतो, हेही तक्त्यात नोंदवावे. प्रोटॉनची अडचण उलट आहे: २५० एमईव्हीच्या प्रोटॉनला २.४ टेस्ला-मीटर पुरते, त्यामुळे त्यांच्यासाठी मर्यादा चुंबकाची नसते. यंत्र चुकून जास्त ऊर्जेला गेले तर काय, हा सुरक्षेचा प्रश्न मात्र उभा राहतो.

खालच्या टोकाकडेही पाहावे. ४.२ एमईव्हीच्या कार्बनला वलयात शिरताना शिशाला लागते त्याच्या सुमारे निम्मेच चुंबकीय क्षेत्र लागते, आणि इतक्या कमी क्षेत्रात लोखंडात मागे राहिलेले चुंबकत्व उपद्रव देते. प्रत्येक आवर्तनात चुंबकांना ठरावीक चढउतारातून नेल्याशिवाय शलाका रोज एकाच जागी येत नाही. आयनांना वेग देणाऱ्या विद्युतक्षेत्राच्या रेडिओ-वारंवारतेची फारशी काळजी नसते: कार्बनच्या फेऱ्यांची वारंवारता ०.३६ पासून २.८ मेगाहर्ट्झपर्यंत वाढते, आणि लेइरसारख्या रुंद पट्ट्याच्या, चुंबकीय मिश्रधातूने भरलेल्या पोकळीला ते झेपते.

तिसरी पायरी: स्रोत आणि भेसळ

कोलायडरसाठी शिसे देणाऱ्या स्रोताकडूनच हलके आयन घेण्याचा मोह टाळावा. स्रोतात मूलद्रव्य बदलले की तो पुन्हा स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि त्या काळात दोन्हीकडचे लोक खोळंबतात. हलक्या आयनांसाठी वेगळा इलेक्ट्रॉन-सायक्लोट्रॉन-अनुनाद स्रोत (सूक्ष्मलहरींनी तापवलेल्या वायूतून आयन काढणारा) आणि त्याला जोडलेला वेगळा प्रारंभिक त्वरक हवा.

इथला नाजूक मुद्दा भेसळीचा आहे. पूर्ण सोललेले (सर्व इलेक्ट्रॉन काढलेले) हेलियम, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन या सर्वांचे प्रभार-वस्तुमान गुणोत्तर जवळजवळ निम्मेच असते, त्यामुळे ते एकत्र निघाले तर चुंबक त्यांना वेगळे करू शकत नाही. निर्वातातील उरल्यासुरल्या हवेतून आलेला नायट्रोजन किंवा ऑक्सिजन कार्बनबरोबर मुकाट्याने डिशपर्यंत पोहोचतो आणि मात्रेचा हिशेब बिघडवतो. म्हणून कार्बन चार धन प्रभारांसह काढावा, गुणोत्तर वेगळे असतानाच चुंबकाने निवडून घ्यावा आणि मगच पातळ पत्र्यातून नेऊन उरलेले दोन इलेक्ट्रॉन काढावेत. प्रोटॉनसाठी तीन हायड्रोजनचा रेणू-आयन काढला, तर त्याचेही वस्तुमान-प्रभार प्रमाण तीनच येते, आणि एकाच प्रारंभिक त्वरकातून दोन्ही कामे होतात. इटलीत पाव्हिया येथील कार्बन उपचार केंद्र याच जोडीवर चालते.

चौथी पायरी: शलाका हळू बाहेर काढणे

संपूर्ण रूपांतरातील सर्वांत अवघड काम हेच आहे. लेइरमधून शिसे पुढच्या वलयाकडे एका झटक्यात, मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळात बाहेर फेकले जाते. पेशींवर एकसारखी मात्रा देण्यासाठी तीच शलाका एक ते दहा सेकंदांपर्यंत पसरून काढावी लागते. टाकी पालथी करणे आणि तोटीतून धार सोडणे यांत जो फरक असतो, तोच इथे आहे.

यासाठी कणांच्या आडव्या दोलनांची संख्या दर फेरीला पूर्णांकापासून एक-तृतीयांश अंतरावर आणली जाते. षट्ध्रुवी चुंबकांमुळे तिथे स्थैर्याचा एक त्रिकोणी प्रदेश तयार होतो. त्या प्रदेशाबाहेर ढकलला गेलेला कण दर तीन फेऱ्यांनी अधिकाधिक दूर जातो आणि शेवटी विद्युतस्थितिक विभाजकाच्या (पडद्याच्या एकाच बाजूला विद्युतक्षेत्र असलेल्या उपकरणाच्या) पातळ पडद्यापलीकडे पोहोचतो. तिथून त्याला बाजूला वळवून पुढच्या चुंबकी विभाजकाकडे दिले जाते. कणांना त्रिकोणाबाहेर ढकलण्याच्या पद्धती अनेक आहेत. मी रेडिओ-वारंवारतेच्या आडव्या धक्क्याची पद्धत सुचवीन, कारण ती क्षणात बंद करता येते. प्राण्यांवरच्या प्रयोगात श्वासाबरोबर शलाका चालू-बंद करायची असेल, तर या गुणाला पर्याय नाही. लीअरच्या काळात याच वलयातून प्रतिप्रोटॉनांचे अतिमंद निष्कर्षण होत असे, त्यामुळे वलयाच्या रचनेला ही कल्पना नवखी नाही. मात्र त्यासाठीची उपकरणे नव्याने बसवावी लागतील, आणि सरळ भागांतील जागा आता इलेक्ट्रॉन शीतलक (आयनांच्या वेगांतील फरक कमी करणारे उपकरण), अंतःक्षेपण आणि शिशाचे निष्कर्षण यांनी व्यापलेली आहे. जागेचा नकाशा सेंटिमीटरपर्यंत काढल्याशिवाय पुढची कोणतीही मागणी नोंदवू नये.

धार किती सलग आहे, हे मोजण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. वीजपुरवठ्यातील ५० हर्ट्झची लहर आणि तिच्या पटीतील ३०० व ६०० हर्ट्झच्या लहरी त्रिकोणाचा आकार हलवतात, आणि बाहेर येणाऱ्या शलाकेत मिलिसेकंदांचे उंच सुळके दिसतात. सरासरी मात्रा बरोबर असूनही शलाका फिरवून क्षेत्र रंगवताना अशा सुळक्यांमुळे डिशवर जास्त मात्रेचे ठिपके पडतात. म्हणून स्पिलचा, म्हणजे एका आवर्तनात बाहेर येणाऱ्या धारेचा, आलेख शंभर मायक्रोसेकंदांच्या कप्प्यांत काढून पाहावा. सेकंदाच्या सरासरीत हा दोष लपतो.

निर्वाताबद्दल एक सूचना आवश्यक आहे. लेइरमध्ये दाब वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे हजार-लाख-कोटी पटीने (एकावर पंधरा शून्ये) कमी ठेवावा लागतो, कारण अर्धवट सोललेले शिसे वायूच्या रेणूवर आदळले की प्रभार बदलून भिंतीवर जाते. पूर्ण सोललेल्या कार्बनला इतकी शुद्धता लागत नाही, पण वलय तेच असल्यामुळे नवी मार्गिका (शलाका प्रयोगापर्यंत नेणारी नळी) जोडताना पायऱ्यापायऱ्यांचे पंपन आणि झटकन मिटणारी झडप बसवावीच लागते. डिशच्या दिशेची पातळ खिडकी फुटली, तर शिशाचा संपूर्ण हंगाम हातचा जाईल.

पाचवी पायरी: डिशपर्यंतचा मार्ग

बायोलेइरच्या आराखड्यात दोन आडव्या मार्गिका आणि एक उभी मार्गिका होती. उभ्या मार्गिकेसाठी इमारतीची उंची आणि खर्च दोन्ही वाढतात, त्यामुळे अंदाजपत्रकात कात्री प्रथम तिच्यावरच येते. तरीही ती हवी असण्याचे कारण साधे आहे: डिश टेबलावर सपाट असते, पेशी तळाला चिकटलेल्या असतात आणि वर पोषक द्रव असतो. आडव्या शलाकेसाठी डिश उभी करावी लागते, द्रव गळू नये म्हणून बाटली काठोकाठ भरावी लागते, आणि न चिकटणाऱ्या पेशी तळाशी साचतात. पैसे एकाच मार्गिकेपुरते असतील, तर आडवी घ्यावी आणि बंद बाटल्यांवर काम करावे.

क्षेत्र एकसारखे करण्याचे तीन मार्ग आहेत. पत्र्यावर विखुरणे स्वस्त पडते, पण त्यात आयनांचे तुकडे होतात. अष्टध्रुवी चुंबकांनी शलाकेच्या कडा आत दुमडता येतात. बारीक शलाका चुंबकाने ओळीओळीने फिरवणे सर्वांत लवचीक आहे, पण ते वर सांगितलेल्या धारेच्या गुणवत्तेवर अवलंबून राहते. ऊर्जा कमी करायची असल्यास शक्यतो वलयातच कमी करावी. जाड प्लास्टिकच्या पाट्या मध्ये घातल्या की केंद्रकांचे तुकडे पडतात. ४०० एमईव्हीचा कार्बन पाण्यात ब्रॅग शिखरापर्यंत (आयन थांबण्याआधी सर्वाधिक ऊर्जा सोडतात त्या जागेपर्यंत) पोहोचेपर्यंत निम्म्याहून अधिक केंद्रके फुटलेली असतात, आणि हलके तुकडे शिखरापलीकडेही मात्रा देत राहतात.

सहावी पायरी: मात्रामापन

समांतर पट्ट्यांचे आयनीकरण कक्ष (प्रारणाने वायूत निर्माण झालेला प्रभार मोजणारी उपकरणे) मार्गिकेत कायम बसवावेत: एक मात्रा मोजून शलाका बंद करण्यासाठी आणि दुसरा पहिल्यावर लक्ष ठेवण्यासाठी. त्यांचे मापन कोबाल्ट-६० वर प्रमाणित केलेल्या कक्षाशी, पाण्याच्या टाकीत ताडून पाहावे. यासाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची टीआरएस-३९८ ही संहिता आहे. ती २००० मध्ये निघाली आणि २०२४ मध्ये सुधारली गेली. फिल्मवर क्षेत्राचा आकार छान दिसतो, पण उच्च एलईटीला फिल्म मात्रा कमी दाखवते, म्हणून तिच्यावरून ग्रेमधील आकडा वाचू नये. कमी ऊर्जेच्या शलाकेसाठी सीआर-३९ प्लास्टिक उत्तम आहे: अल्कधर्मी द्रावणात कोरले की प्रत्येक आयनाची खूण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजता येते, आणि पहिल्या पायरीतला हिशेब थेट पडताळता येतो.

सातवी पायरी: पेशींची प्रयोगशाळा

ही खोली शलाकेच्या खोलीपासून काही पावलांवर असावी. ३७ अंश तापमान आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइडचे उष्मायक, निर्जंतुक काम करण्याची कपाटे, सूक्ष्मदर्शक आणि त्याच इमारतीत क्ष-किरणांचे यंत्र एवढे किमान हवे. क्ष-किरणांशिवाय सापेक्ष जैविक परिणामकारकता (तोच परिणाम साधणाऱ्या क्ष-किरण आणि आयन मात्रांचे गुणोत्तर) काढता येत नाही, आणि ते दुसऱ्या गावी दुसऱ्या दिवशी घेतले तर तुलना लंगडी पडते. प्रत्येक मालिकेत न भाजलेली (शलाका न दिलेली) डिश सर्व प्रवास करून आलेली असावी: तीच ट्रॉली, तीच थांबण्याची वेळ, तोच गार हॉल. यंत्र ऐनवेळी अर्धा तास बंद पडले, तर डिश उष्मायकात परत न्यायच्या की टाकून द्यायच्या, याचा नियम आधी लिहून ठेवावा. पहाटे तीन वाजता तो सुचत नाही.

सुरक्षेचा हिशेब जुन्या परवान्यावर भागत नाही. मंद निष्कर्षणात विभाजकाच्या पडद्यावर काही टक्के शलाका सतत आदळते, आणि जास्त ऊर्जेचे हलके आयन शिशापेक्षा वेगळ्या प्रकारचे न्यूट्रॉन देतात. त्यामुळे भिंती आणि विशेषतः छत यांची जाडी नव्याने मोजावी लागते. भाजलेल्या डिशमध्ये कार्बन-११ सारखी वीस मिनिटे अर्धायुष्याची समस्थानिके थोड्या प्रमाणात तयार होतात, म्हणून बाहेर नेण्यापूर्वी प्रत्येक ट्रे मोजून नोंदवावा.

पहिला खरा प्रयोग नवीन नसावा. चिनी हॅमस्टरच्या व्ही७९ किंवा मानवी लालाग्रंथीच्या एचएसजी पेशी घेऊन वसाहती मोजण्याची जुनी चाचणी करावी. पन्नास किंवा अधिक पेशींची वसाहत जिवंत धरतात, आणि निकालासाठी पेशींच्या जातीनुसार एक ते दोन आठवडे थांबावे लागते. जगण्याचा आलेख डार्मश्टाट आणि जपानमधील चिबा येथील प्रसिद्ध आलेखांशी जुळला, तरच बाहेरच्या गटांना बीमटाइम (शलाका वापरण्याची वेळ) द्यावा. जुळला नाही, तर दोष पेशींत शोधण्याआधी मात्रामापनात शोधावा.

वलय हाताशी नसेल तर

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ पासून १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन (स्थिर उच्च विद्युतदाबाने आयनांना वेग देणारे यंत्र) आहे आणि दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात १५ दशलक्ष व्होल्टचा. अशा यंत्रांचे रूपांतर कितीतरी सोपे असते, कारण शलाका मुळातच सलग येते आणि चौथ्या पायरीचा मोठा भाग गळून पडतो. दिल्लीच्या केंद्रात प्रारण-जीवशास्त्रासाठी स्वतंत्र मार्गिका आणि नमुने आपोआप मांडणारी ‘ॲस्पायर’ यंत्रणा आहे.

मर्यादा पल्ल्याची आहे. ५ एमईव्ही प्रति न्यूक्लिऑनचा कार्बन पाण्यात सव्वाशे मायक्रोमीटरच्या आसपास थांबतो, त्यामुळे एकपदरी पेशींपलीकडे काही करता येत नाही. खिडकीचा पातळ पडदा आणि हवेतील काही मिलिमीटर यांनीच ऊर्जेचा मोठा वाटा खाल्लेला असतो, म्हणून पेशींच्या पृष्ठभागावरची ऊर्जा वेगळी काढून तीच प्रत्येक नोंदीत लिहावी. पेशींवरचा पोषक द्रव भाजण्यापूर्वी ओतून काढावा लागतो, कारण एक मिलिमीटर द्रवदेखील शलाका पूर्ण अडवतो. उघड्या पेशी मिनिटा-दोन मिनिटांत सुकू लागतात. त्यामुळे डिश आपल्या पाळीपर्यंत द्रवात बुडालेली राहील, वर येईल, काही सेकंदांत भाजली जाईल आणि लगेच पुन्हा बुडेल अशी मांडणी करावी, आणि शलाकेची तीव्रता त्या सेकंदांना बेताची ठरेल इतकी आधीच कमी करून ठेवावी.